कॅनडाला गेलेलं बिनचूक इंग्रजी

संगणक केंद्रात तुझं काम काय, असं त्या काळी कोणी विचारलं असतं तर मालकांनी ‘टायपिंग’ सांगितलं असतं आणि मी ‘इंग्रजी सुधारणं’. मला ते काम कोणी दिलेलं नव्हतं. ते मी आपणहून अंगावर ओढून घेतलं होतं आणि त्याचा मला भलताच गर्व होता.

साल १९९९. संगमनेरच्या बसस्टँडजवळ, औषधाच्या दुकानाच्या वर, एका खोलीत आमचं केंद्र होतं. तीन कॉम्प्युटर, त्यातला एक कायम आजारी. एक प्रिंटर, जो छापताना दातओठ खायचा. आणि मी. इंग्रजी घेऊन एम. ए. झाले होते, प्राध्यापकीच्या दोन मुलाखतींमधून परत आले होते आणि घरी बसले तर स्थळं बघायला लागतील म्हणून इथे येऊन बसले होते. माझे वडील हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. जेवताना आम्हा भावंडांपैकी कोणी इंग्रजी वाक्य चुकवलं की ते काही बोलायचे नाहीत, चमचा ताटाच्या कडेवर एकदा वाजवायचे. त्या आवाजासरशी आम्ही वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचो. मोठी झाल्यावर मला त्या चमच्याचा राग यायला हवा होता. मला तो हातात घ्यावासा वाटला.

इंटरनेट आमच्याकडे त्याच वर्षी आलं. आलं म्हणजे नाशिकपर्यंत आलं. पुढे आम्ही एसटीडी लावून तिथे जायचो. लाईन चालू असताना गिऱ्हाइकाला मशीनसमोर बसवणं परवडणारं नव्हतं. लोक मजकूर कागदावर लिहून आणायचे, मी तो दिवसभर टाइप करून ठेवायचे. संध्याकाळी सहाला मालक स्वतः येऊन लाईन लावायचे, साठलेले सगळे मेल एका दमात जायचे, आलेले उतरायचे, की लगेच लाईन तोडायची. साऱ्या केंद्राचा ई-मेलचा पत्ता एकच. विषयाच्या ओळीत ज्याचं त्याचं नाव. आलेलं पत्र मी छापायचे आणि नावाच्या फाइलीत लावून ठेवायचे. म्हणजे आमच्याकडून परदेशी जाणारं आणि तिकडून येणारं सगळं आधी माझ्या डोळ्यांखालून जायचं. पोस्टमन निदान पाकीट फोडून वाचत नाही.

मराठी अक्षरं तेव्हा त्या यंत्रातून जात नव्हती, त्यामुळे ई-मेल म्हणजे इंग्रजी अशी सगळ्यांची समजूत. ज्यांना धड चार वाक्यं येत नव्हती तेही कागदावर इंग्रजी गिरवून आणायचे. ‘माय कझन ब्रदर इज हॅविंग टू सन्स.’ ‘वी विल डिस्कस अबाउट इट.’ ‘काइंडली रिटर्न बॅक.’ मी हे सगळं नीट करायचे आणि नीट करण्याआधी एका वहीत उतरवून घ्यायचे. जेवताना ती वही मी घरी वाचून दाखवायचे. वडील हसायचे. मुलाखतींनंतर ते माझ्याकडे बघून हसले असे प्रसंग फार थोडे होते, म्हणून मी वही भरत राहिले. हल्ली फोनवरच्या ग्रुपमध्ये कोणाच्या चुकलेल्या इंग्रजीचा फोटो येतो आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते, तेव्हा मी फोन पालथा घालते. मी सुधारले म्हणून नव्हे. त्या वहीतली सगळ्यात जास्त पानं कोणाची होती ते मला आठवतं म्हणून.

ते गृहस्थ पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. गाव संगमनेरपासून तासाभरावर, कालव्याकाठी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात पॉलिश केलेले बूट. नोकरीला लागले ते खात्याच्या बंगल्यावर चौकीदार म्हणून. मुक्कामाला येणारे इंजिनिअर जाताना इंग्रजी वर्तमानपत्रं टाकून जायचे, ती वाचून वाचून ते इंग्रजी शिकले. पुढे खात्याच्या परीक्षा दिल्या आणि टेबलखुर्चीवर बसले. त्यांच्या वस्तीतले इंग्रजी लिहिणारे ते पहिले. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी, खुर्चीत बसायच्या आधी, उभ्या उभ्या सांगितलं. मी ‘बरं’ म्हणाले आणि कागदासाठी हात पुढे केला.

त्यांची एकुलती एक मुलगी राहुरीला शेतकीचं शिकून शिष्यवृत्तीवर कॅनडाला गेली होती, मातीवर संशोधन करायला. मुलगी होस्टेलवर गेली तेव्हापासून बाप-लेकीचा ठराव होता की एकमेकांना पत्र लिहायचं ते इंग्रजीतच. आता ती पोस्टकार्डं बंद झाली होती आणि प्रयोगशाळेत तिला कॉम्प्युटर मिळाला होता, म्हणून ते दर बुधवारी एसटीनं यायचे.

बाकी सगळ्या गिऱ्हाइकांना मी काका, मामा, मावशी म्हणायचे. आमच्या गावाची रीतच ती. यांना मी काहीच म्हणत नसे. ‘या, बसा’ एवढंच. त्याचं कारण मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्यांचं आडनाव मला पहिल्या दिवशी विषयाच्या ओळीत टाइप करावं लागलं होतं.

त्यांच्या पहिल्या पत्रातलं काही मला अजून तोंडपाठ आहे, कारण ते वहीत होतं. ‘युवर मदर इज रिमेंबरिंग यू मॉर्निंग इव्हिनिंग. वॉटर इज केम इन कॅनॉल. ब्लॅक गोट गेव्ह टू बेबीज, बोथ ब्लॅक. यू काइंडली ईट फर्स्ट अँड देन डू द नीडफुल ऑफ स्टडी.’ म्हणजे आई सकाळ-संध्याकाळ आठवण काढते, पाटाला पाणी आलंय, शेळीला दोन काळी पिल्लं झालीत, तू आधी जेव आणि मग अभ्यासाचं काय ते बघ. बंगल्यावरच्या साहेबांची सरकारी भाषा आणि घरातली माया यांची त्यांनी खिचडी केली होती आणि ती त्यांची स्वतःची होती. हे आज सुचतंय. तेव्हा मी त्यातली शेळी काढून टाकली, कारण ती विषयाला सोडून होती. पाटाचं पाणी काढलं. उरलेल्याचे चार सुबक परिच्छेद केले. सुरुवातीला, हे पत्र तुला उत्तम प्रकृतीत गाठो अशी आशा करतो, या अर्थाचं एक छापील वाक्य बसवलं.

पाठवण्याआधी मी ते त्यांना पडद्यावर दाखवलं. “थोडं नीट केलंय,” मी म्हणाले. ते चष्मा लावून वाकले. वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

“हे मी लिवलंय व्हय?” त्यांनी विचारलं.

“तुमचंच आहे. फक्त चुका काढल्यात.”

“लई होत्या का?”

“होत्या थोड्या,” मी म्हणाले, आणि ज्या सुरात म्हणाले त्यावरून त्यांना आकडा कळला असणार.

ते म्हणाले, “झकास झालंय. कॉलेजातल्या पोरीला असंच पायजे.” पुढच्या बुधवारी त्यांचा कागद अर्धा होता. त्याच्या पुढच्या बुधवारी पाच ओळी. दिवाळी होईतो ते नुसते मुद्दे आणू लागले: आई बरी, पैसे पोचले, थंडीत कान झाकणे. “बाकी तुमी नीट करालच मॅडम,” असं म्हणून ते छताच्या पंख्याखाली बसून राहायचे. मी त्या मुद्द्यांचं पानभर इंग्रजी करायचे. माझ्या हातून इतकं सफाईदार इंग्रजी पूर्वी कधी उतरलं नव्हतं. मुलाखत घेणाऱ्यांनी ते वाचायला हवं होतं असं मला वाटायचं. माणसाची बोलती बंद करून आपण त्याच्या जागी बोलतोय, हे मला एकदाही वाटलं नाही.

मुलीची पत्रं सुरुवातीला लांबलचक असायची. तिचं इंग्रजी चांगलं होतं, माझ्याइतकं किंवा खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा. वडिलांच्या जुन्या पोस्टकार्डांतली वाक्यं ती तिच्या पत्रात मजेनं वापरायची, पण दुरुस्त कधी करायची नाही. मग हळूहळू तिचीही पत्रं आखडली. नोव्हेंबरात एके दिवशी जे आलं त्यात दुसरा परिच्छेद असा होता. इंग्रजीत होता, मी मराठीत सांगते. ‘बाबा, हल्ली तुमची पत्रं तुमची वाटत नाहीत. शेळीचं काय झालं? पाटाला पाणी कधी आलं? हे कोण लिहितंय?’

मला राग आला. इतके दिवस फुकटात हिच्या बापाचं इंग्रजी घासूनपुसून देतेय आणि हिला शेळी हवी. रागाच्या खाली भीती होती हे नंतर कळलं. हे वाचलं तर ते मला म्हणणार, मॅडम, राहू द्या, माझं मी लिहितो. मालकांच्या कानावर जाणार. आणि घरी काय सांगायचं, की माझं बिनचूक इंग्रजी कोणाला नको झालंय? मी ते पत्र पडद्यावर उघडलं, दुसरा परिच्छेद माउसनं काळा केला, एक बटण दाबून पुसून टाकला. मग छापलं. आधीच्या आणि नंतरच्या मजकुराचा सांधा कोणाला दिसला नसता इतकं ते बेमालूम झालं. फाइलीत लावताना मला चोरी केल्यासारखं वाटलं नाही. काटछाट केल्यासारखं वाटलं.

पुढचं पत्र चारच दिवसांत आलं. त्यात तिनं लिहिलं होतं की तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आजी गेली तेव्हा माझी परीक्षा होती म्हणून तुम्ही सगळ्यांनी दहा दिवस मला सांगितलं नव्हतं. मी घरी आले तर अंगणात दहाव्याचे टोप वाळत होते. आता डिसेंबरात माझी परीक्षा आहे. तुम्हाला काही झालंय का? तुम्ही दवाखान्यात आहात का? तुमच्या हातचं एक वाक्य पाठवा, चुका असलेलं, म्हणजे मी निवांत होईन.

इथे मी थांबायला हवं होतं. आमच्याकडे दूरच्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. ‘जरा बरं नाही, भेटून जा’ असं कळवतात आणि माणूस येतो तो थेट रडारडीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या मामाच्या वेळी आमच्या घरानं हेच केलं होतं. दूर बसलेल्या मुलीला कसली शंका आली आहे ते मला पुरतं कळलं. एवढं कळूनही मी काय केलं, तर तेही काळं करून पुसलं. आणि तिची समजूत घालायची म्हणून त्या बुधवारच्या पत्रात, त्यांच्या नकळत, माझ्या मनानं दोन वाक्यं घातली: माझी प्रकृती उत्कृष्ट आहे. काळजी करण्याचं कोणतंही कारण नाही.

आजही ती दोन वाक्यं मला एकत्र लिहवत नाहीत. कारण काळजी करण्याचं कोणतंही कारण नाही, असं माणसं कधी लिहितात ते मला माहीत होतं. त्यांना त्यांच्या भाषेत लिहू दिलं असतं तर एका ओळीत काम झालं असतं. त्यांच्या एका चुकीच्या क्रियापदानं तिला झोप लागली असती. ते माझ्यासमोर हातभर अंतरावर बसले होते. मी त्यांना म्हणाले, “झालं तुमचं पत्र.” ते म्हणाले, “लई उपकार मॅडम.”

तिसरा मेल एका ओळीचा होता. तो वडिलांना नव्हता. ‘तुम्ही कोण आहात?’ एवढंच. मी तो छापलाच नाही. पुढच्या बुधवारी ते आले, फाइल चाळली आणि म्हणाले, “काही न्हाई का आलं?” मी मान हलवली. “परीक्षा जवळ आली ना,” ते स्वतःशीच म्हणाले आणि पंख्याखाली जरा वेळ बसून गेले.

मग काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. तिनं गावच्या दूध संस्थेत फोन लावला. गावात फोन तो एकच. नेमका बुधवार होता. ज्यानं उचलला त्यानं खरं तेच सांगितलं, “बाबा न्हाईत, संगमनेरला गेल्यात.” आमच्या भागात गावाकडचं माणूस संगमनेरला गेलंय म्हणजे बाजाराला गेलेलं असतं नाही तर दवाखान्यात. पत्रं दुसरंच कोणी लिहितंय अशी शंका होतीच, म्हणून तिनं दुसरा अर्थ धरला. लाईन खराब होती, पुढे काही ऐकू आलं नाही. तिनं विद्यापीठात सांगितलं की वडील शेवटच्या घटका मोजताहेत, किंवा गेलेतच आणि माझ्यापासून लपवताहेत. मैत्रिणींनी तिकिटाची सोय केली. तिची परीक्षा ज्या सोमवारी सुरू झाली, त्या सोमवारी ती गावच्या फाट्यावर एसटीतून उतरली. वडील कालव्याच्या कडेनं शेळ्या घेऊन घरी येत होते. तिनं त्यांना लांबून पाहिलं आणि तिथेच रस्त्यावर मटकन खाली बसली, असं त्यांनीच मला सांगितलं. सांगताना ते हसत होते, मुलीच्या वेडेपणाला हसावं तसं, आणि चष्मा पुसत होते.

हे ऐकलं ते दोघं केंद्रात आले त्या दिवशी. ती माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठी असावी. बारीक, सावळी, अंगात तिकडचा जाड स्वेटर, जो संगमनेरच्या दुपारी कोणी घालत नाही. बसा म्हटलं तरी बसली नाही. शिष्यवृत्तीची अट अशी होती की पहिल्या वर्षाची ती परीक्षा चुकवायची नाही. आता विद्यापीठाला पत्र लिहून कळवायचं होतं की वडील ठणठणीत आहेत, हे सगळं गैरसमजानं झालं, मुलीला पुन्हा बसू द्या.

“मी तुम्हाला विचारत होते ना बाबा,” ती वडिलांना म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती. “दोनदा विचारलं. कोण लिहितंय म्हणून. तुमच्या हातचं पाठवा म्हणून.”

“तसं काय आलंच न्हाई गं,” ते म्हणाले. “नीट करायला मीच सांगितलेलं मॅडमना. पण तू असं इचारल्याचं कुठंच न्हाई. सगळे कागद घरी लावून ठिवलेत मी.” मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता. “मॅडम, कधी कधी अर्धवट येतं का हो ते? मधलं मधलं गळतं का?”

दार त्यांनी स्वतःच उघडून दिलं होतं आणि मी त्यातून बाहेर पडले.

“हो काका,” मी म्हणाले. “लाईन कट झाली की गळतं.”

काका मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा म्हणाले.

“बघ,” ते लेकीला म्हणाले. “मशीनच ते. त्यात मॅडमचा काय दोष.”

 शास्त्र शिकलेली मुलगी होती, लाईन कट झाली तर पत्राचा शेवट जातो, मधला परिच्छेद नेमका उचलला जात नाही, हे तिला कळत नव्हतं थोडंच. ती हळू आवाजात म्हणाली, “मी तुम्हाला पण एक मेल केला होता. एका ओळीचा.”

“नाही आला,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. वडिलांकडे बघितलं. ते खिशातलं पेन काढून कोऱ्या कागदावर तारीख घालत होते. मला वाटतं, तिनं त्याच क्षणी ठरवलं की त्यांच्यासमोर हे काढायचं नाही. तीही आमच्यातलीच. जवळच्या माणसापासून वाईट गोष्ट लपवायची, एवढं तिलाही येत होतं. तिनं मला वाचवलं नाही, त्यांना वाचवलं. मी मात्र वाचले.

पत्र ते स्वतःच लिहिणार होते. वडील जिवंत असल्याचं वडिलांनीच सांगितलं तर साहेबलोक ऐकतील, असं त्यांचं म्हणणं. पाऊण तास ते लिहीत होते. कागद माझ्याकडे देताना सवयीनं म्हणाले, “बघा जरा, नीट करा.”

“नाही,” मुलगी म्हणाली. “आहे तसंच टाइप करा. मी बसते इथं.”

मग ती बसली, माझ्या उजव्या हाताला, आणि मी टाइप करते ते अक्षर न् अक्षर बघत राहिली. पत्रात भरपूर चुका होत्या. ‘आय ॲम अलाइव्ह’ असं न लिहिता त्यांनी ‘आय ॲम लिव्हिंग फुल्ली’ लिहिलं होतं. ‘एक्झाम’ला त्यांनी ‘द’ लावला नव्हता आणि ‘कॅनडा’ला लावला होता. प्रत्येक चुकीपाशी माझी बोटं आपोआप थबकायची आणि प्रत्येक वेळी ती नुसती माझ्याकडे बघायची. शेवटाकडे तीन वाक्यं होती. द फॉल्ट इज इन द टेलिफोन लाईन. इट इज नॉट ऑफ माय डॉटर. शी केम बिकॉज शी लव्हज हर फादर. चूक टेलिफोनच्या लाईनची आहे, माझ्या मुलीची नाही. तिचं बापावर प्रेम आहे म्हणून ती आली. त्यातलं पहिलं वाक्य व्याकरणात अगदी बरोबर होतं. ते मी टाइप केलं. माझी लबाडी त्यांच्या सहीनं कॅनडाला जात होती, आणि मला ती थांबवायला एक शब्द पुरला असता. मी पुढचं वाक्य टाइप करायला घेतलं.

त्यानंतर रोज सहा वाजता मालक लाईन लावायचे तेव्हा मी देवाला हात जोडायचे. तिला शिष्यवृत्ती परत मिळू दे, एवढंच मागायचे. त्यात तिच्या भल्याचा भाग किती आणि माझी सुटका व्हावी याचा किती, ते मी तेव्हा तपासलं नाही. वही मी घरी चुलीत घातली. वडिलांनी एकदोनदा विचारलं, काय गं, हल्ली तुझी गिऱ्हाइकं शुद्ध लिहायला लागली की काय? मी म्हणाले, हो.

उत्तर नाताळच्या आधी आलं. दोन परिच्छेद. आपण सुखरूप असल्याचं वाचून आनंद झाला. तथापि नियमानुसार शिष्यवृत्ती पुन्हा देता येणार नाही, याबद्दल मनापासून खेद आहे. पुढील वर्षी स्वखर्चानं प्रवेश घ्यायचा असल्यास अर्जाचं स्वागत होईल. आपल्या कन्येला उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. मी ते छापलं. एक अक्षर कमी केलं नाही, एक वाढवलं नाही.

बुधवारी ते एकटेच आले. मुलगी एका शाळेत विचारायला गेली होती, विज्ञानाच्या रिकाम्या जागेसाठी. त्यांनी फाइल मागितली नाही, माझ्या हातातला कागद बघून हात पुढे केला. उभ्यानंच, ओळीखाली बोट धरून वाचलं. खालपर्यंत गेले आणि पुन्हा वरून वाचलं. स्वखर्चानं या शब्दापाशी बोट थोडा वेळ थांबलं.

“किती साफ लिवलंय,” ते म्हणाले. “एक बी चूक न्हाई.”

मी त्यांची फाइल मिटली.

“तुमी आमचं नीट करायचा ना मॅडम, तवा असंच दिसायचं वाचताना.” त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा शब्द आपल्याला अडलाय आणि समोरच्याला येत असेल, तसं. “आपलं मानूस लिवतंय असं वाटायचंच न्हाई. तिला बी असंच वाटलं आसंल.”

कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली आणि मी काही म्हणते का, याची वाट पाहत तिथेच उभे राहिले. मालक खाली चहाला गेले होते. प्रिंटर बंद होता. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी त्यांना विचारलं, पाणी देऊ का.